कूलंटला पुन्हा पुन्हा वास येतो, बेडवर गंज चढतो: घरच्या लेथवर सापडलेली कारणं आणि उपाय

कोल्हापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा साडेचार फुटी लेथ (धातू फिरवून कापणारं मशीन) आणि एक लहान मिलिंग मशीन (फिरत्या कटरने कापणारं) आहे. लेथ जुना घेतलेला, त्याच्यासोबत २० लिटरची कूलंटची, म्हणजे कापताना धातू गार ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाची, टाकी आणि पंप आला. पहिल्या महिन्यात सगळं छान चाललं. मग एका रविवारी शेडचं दार उघडलं आणि सडक्या अंड्यांचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला. कूलंट ओतून दिलं, नवीन भरलं. दहा-बारा दिवस बरे गेले, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच वास. पावसाळा लागला तशी आणखी भर पडली: चकच्या (लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरणारा भाग) मागे आणि मिलिंगच्या व्हाइसखाली (जॉब धरणारा शिकंजा) तांबूस गंज. हे जवळपास वर्षभर चाललं. ज्यांना हाच त्रास होतोय त्यांना माझ्याइतकं तेल आणि रविवार वाया घालवावे लागू नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी जे केलं आणि उपयोग झाला नाही

पहिला उपाय फिनेलचा. बऱ्याच वर्कशॉपमध्ये टाकीत फिनेलचं झाकण ओततात, मीही ओतलं. दोन दिवस फिनेलचा वास आला, मग दोन्ही वास एकत्र आले. फिनेल स्वतःच एक इमल्शन आहे. ते कूलंटमध्ये घातलं की आपल्या तेलाचं पाण्याशी जमलेलं गणित बिघडतं आणि वर साय धरते.

दुसरा उपाय ब्लीचिंगचा. हा तर करूच नका. क्लोरीनने जंतू मरतात, पण लोखंडावर गंज धरतो आणि कूलंटमधले गंजरोधक घटकही खर्ची पडतात. कूलंटमध्ये अमाइन नावाची रसायनं असतात, त्यांच्याशी क्लोरीनची क्रिया होऊन डोळ्यांना आणि घशाला झोंबणारे वायू निघतात. जुने लोक गंजावर उपाय म्हणून सोडियम नायट्राइट टाकायला सांगतात. तेही टाळा. नायट्राइट आणि अमाइन एकत्र आले की नायट्रोसमाइन तयार होतात आणि ते कॅन्सरकारक आहेत.

तिसरा उपाय म्हणजे तेल वाढवणं. हे दुधासारखं दिसणारं कूलंट जितकं दाट तितकं चांगलं, असं वाटून प्रमाण दीडपट केलं. वास थोडा उशिरा आला, पण मनगटापासून कोपरापर्यंत खाज सुटली. प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं की त्वचेतलं नैसर्गिक तेल निघून जातं आणि पुरळ उठतं.

वास नेमका कशाचा

विरघळणारं कटिंग ऑइल पाण्यात घातलं की दुधासारखं इमल्शन होतं. त्या तेलावर जंतू वाढतात. हवा खेळती असेल तोवर वाढतात ते हवेवर जगणारे, त्यांना फारसा वास नसतो. पण कूलंट स्थिर राहिलं आणि वर दुसऱ्या तेलाचा थर साचला, की खाली ऑक्सिजन पोचत नाही. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू वाढतात. त्यातले काही पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांचा वास तो हाच.

कारखान्यात मशीन रोज चालतं, कूलंट सतत फिरतं. तिथेही रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी सकाळी वास येतो. आपलं मशीन आठवड्यातून चार तास चालतं आणि बाकीचे १६४ तास टाकी शांत पडून असते. घरच्या शेडमध्ये कूलंट सडतं ते वापरून नाही, न वापरल्यामुळे. हे डोक्यात बसलं तेव्हा माझा अर्धा प्रश्न सुटला, कारण तोवर मी प्रत्येक वेळी तेलाचा ब्रँड बदलत होतो. सर्वो कट, कूलकट, शेरॉल ही सरकारी तेल कंपन्यांची तेलं आपल्याकडे सहज मिळतात आणि घरच्या कामाला पुरेशी आहेत. दोष तेलात नव्हता.

वरचा थर येतो कुठून? माझ्या लेथच्या एप्रनमधून (हत्यार सरकवणाऱ्या भागाची गिअरची पेटी) ऑइल झिरपत होतं, आणि बेडला, म्हणजे लेथच्या लांब पायाला, मी दर वेळी सढळ हाताने ६८ नंबरचं वे-ऑइल (सरकत्या पृष्ठभागांना लावायचं तेल) लावायचो. ते सगळं कूलंटबरोबर वाहून टाकीत. टाकीच्या तळाशी लोखंडाचा कीस आणि कास्ट आयर्नचा चुरा, त्याचा चिखल दोन बोटं. वर तेलाचं झाकण, खाली चिखल, मध्ये हलत नसलेलं पाणी. जंतूंना याहून सोयीची जागा कुठली?

नवीन भरलेलं कूलंट दोन-तीन आठवड्यांत का बिघडायचं, त्याचं उत्तरही या चिखलातच होतं. मी फक्त जुनं कूलंट ओतून द्यायचो. नळीच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर तसाच, तळाचा चिखल तसाच, ट्रेच्या कोपऱ्यातलं पाणी तसंच. नव्या दुधाला विरजण लावल्यासारखंच झालं ते.

पाणी

माझ्याकडे बोअरचं पाणी. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. अशा जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कूलंटमधल्या साबणासारख्या घटकांना धरून ठेवतं, मग तेल पाण्यात नीट मिसळून राहत नाही. भांड्यावर साबणाचा चिकट पांढरा थर बसतो तसा थर टाकीच्या कडेला दिसला, तर पाण्याकडे बघा.

टाकीतून हवेत उडतं ते फक्त पाणी. क्षार आणि तेल मागे राहतात. २० लिटर कूलंट ६ टक्क्यांचं असेल तर त्यात १.२ लिटर तेल आहे. उन्हाळ्यात ५ लिटर पाणी उडालं की उरलेल्या १५ लिटरमध्ये तेच तेल, म्हणजे ८ टक्के. क्षारांचंही तसंच. पाण्याची कठोरता ३०० पीपीएम (दहा लाख भागांत ३०० भाग) असेल आणि काही महिन्यांत तुम्ही तेच पाणी आणखी २० लिटर वर घातलं असेल, तर टाकीतली कठोरता ६०० च्या घरात जाते. साधारण १०० पीपीएमच्या आसपासचं पाणी कूलंटला मानवतं. २०० च्या पुढे त्रास सुरू होतो. फार मऊ पाण्यात उलट फेस फार होतो.

मी आता पहिलं भरण बोअरऐवजी नळाच्या पाण्याने करतो आणि नंतर भर घालायला घरच्या आरओचं पाणी वापरतो. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र चुकूनही नको, सगळे क्षार त्यातच असतात. टीडीएस मीटरने कठोरता कळत नाही, एकूण क्षार कळतात. कठोरतेच्या पट्ट्या मासे पाळण्याच्या दुकानात मिळतात.

टाकी एकदा मुळापासून धुणं

हे एकदा नीट केलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. शेडचं दार-खिडकी उघडी ठेवा. साचलेली टाकी ढवळली की हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर येतो, बंद खोलीत तो धोक्याचा आहे.

वरचा तेलाचा थर आधी काढा. जुनं वर्तमानपत्र पृष्ठभागावर पसरून ओढून घेतलं की बरंच तेल कागदाला लागून येतं. मग कूलंट उपसा, तळाचा चिखल खराट्याने आणि हाताने काढा, रबरी हातमोजे घालून. मशीन बंद असताना, हे वेगळं सांगायला नको. फिरत्या चकजवळ हातमोजे कधीच नकोत.

सिस्टिम क्लीनर म्हणून जे मिळतं ते जुन्या कूलंटमध्येच घालून काही तास फिरवतात आणि मग सगळं काढतात. मला ते लहान पॅकमध्ये मिळालं नाही. मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा, १० लिटरला दोन मुठी, असं करून तासभर पंपातून, नळीतून, नोझलमधून फिरवलं. ट्रेवरही तेच ओतलं. सोडा अॅल्युमिनियमला लागतो, म्हणून पंपाचं अंग किंवा ट्रे अॅल्युमिनियमचा असेल तर पाणी सौम्य ठेवा आणि लगेच धुवा. नंतर दोनदा साध्या पाण्याने. नळी जुनी आणि काळी पडलेली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, नवी टाका. मी धुतलेली नळी परत लावली होती, त्या चुकीमुळे महिन्याभराने वास परत आला. नळी बदलल्यावर गेला.

नवीन भरताना

आधी पाणी, मग त्यात तेल, बारीक धारेने, ढवळत. उलटं करायचं नाही. तेलात पाणी घातलं तर इमल्शन उलटं बनतं, गुठळ्या होतात आणि ते पुन्हा दुरुस्त होत नाही.

प्रमाण अंदाजाने नको. आपल्या भागात साखर कारखान्यांचे लोक उसाची पक्वता बघायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर (द्रवाच्या थेंबातून प्रमाण दाखवणारं साधन) वापरतात, तोच इथे चालतो. शून्य ते ३२ ब्रिक्सचा (साखरेच्या टक्क्यांचं माप) असला की झालं. डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवा, मग कूलंटचा थेंब. दुधाळ साध्या सोल्युबल ऑइलला वाचन आणि टक्केवारी जवळपास सारखीच असते. सेमी-सिंथेटिकला (कमी तेल असलेलं कूलंट) वाचनाला डब्यावर दिलेल्या आकड्याने गुणावं लागतं. ते केलं नाही तर तुम्ही दुप्पट तेल घालून बसाल. कूलंटवर दुसरं तेल तरंगत असेल तर रेघ धूसर दिसते, थेंब खालून घ्या.

मी ६ ते ७ टक्के ठेवतो. वाचन वाढलं तर नुसतं पाणी न घालता दीड-दोन टक्क्यांचं पातळ दूध घालतो. नुसतं पाणी घालत राहिलं की गंजरोधक द्रव्यं हळूहळू संपत जातात. जॉबला आणि किसाला चिकटून ती रोजच जात असतात.

दुसरं साधन पीएचच्या (द्रव आम्ल आहे की अल्कली याचं माप) पट्ट्या. निरोगी कूलंट साधारण ८.५ ते ९.५ असतं. वास येण्याच्या आधी पीएच उतरायला लागतो, म्हणजे नाकापेक्षा पट्टी आधी सांगते. ८.५ च्या खाली आलं की मी प्रमाण बघतो आणि तेलाचा थर काढतो. ८ च्या खाली गेलं की ते टिकत नाही, बदलतो.

आणि पडून राहण्याचा इलाज: फिश टँकचा छोटा हवापंप. त्याचा दगड टाकीच्या तळापासून थोडा वर ठेवा, रात्रंदिवस बुडबुडे चालू द्या. काही वॅट वीज लागते. कूलंटमध्ये हवा मिसळत राहिली की सल्फाइडवाले जंतू वाढत नाहीत. मात्र वर तेलाचा थर असताना हवा सोडली तर ते तेल घुसळून कूलंटमध्ये मिसळतं, म्हणून आधी थर काढायचा. टाकीवर घट्ट झाकणाऐवजी जाळी ठेवली आहे.

दिवाळीसारखी मोठी सुट्टी असेल तर मी टाकी भरलेली सोडतच नाही. स्वच्छ डब्यात काढतो, मशीन पुसून तेल लावतो.

गंज

वासाचं आणि गंजाचं मूळ बरंचसं एकच: उतरलेला पीएच आणि पातळ पडलेलं प्रमाण. खात्री करायला एक साधी चाचणी आहे. कास्ट आयर्नची कोरडी स्वच्छ चिप (कापताना निघालेला कीस) चिमूटभर घ्या, गोल टिपकागदावर पसरा, त्यावर कूलंटचे थेंब टाका, झाकून दोन तास ठेवा. चिप झटकून कागद बघा. तांबूस ठिपके उमटले तर तुमचं कूलंट लोखंड सांभाळत नाही. वेगवेगळ्या प्रमाणांनी केलीत तर कुठल्या टक्क्यापासून ठिपके थांबतात हे स्वतःच दिसतं. माझ्याकडे ५ टक्क्यांना थोडे होते, ६ ला नव्हते.

व्हाइसखालचा गंज मात्र चांगल्या कूलंटनेही येतो. दोन घासलेल्या पृष्ठभागांच्या फटीत पाणी शिरतं आणि वाळत नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवाच इतकी ओली असते की मी दर आठवड्याला व्हाइस उचलून खाली वे-ऑइलचं पातळ बोट फिरवतो. चकच्या बॅकप्लेटलाही तसंच.

मुळात टाकी हवी का?

हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारला, तो पहिला विचारायला हवा होता. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी इंजिनिअरने १८८० च्या दशकात दाखवलं की चिप सुटते तिथेच पाण्याची जाड धार सोडली तर कटिंग स्पीड ४० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. गंज येऊ नये म्हणून त्या पाण्यात सोडा विरघळवलेला असे. पण तो हिशेब कारखान्याचा, जिथे मिनिटामिनिटाचं मोल. घरी आपण एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बाइटने, म्हणजे कापणाऱ्या हत्याराने, कमी आरपीएमला, पाऊण एचपीच्या मोटरवर काम करतो. गती थोडी कमी ठेवली तरी चालतं. मला असं दिसलं की माझ्या दहापैकी सात कामांना टाकीची गरजच नव्हती.

कास्ट आयर्न कोरडंच कापा. त्यातलं ग्रॅफाइट स्वतःच वंगण करतं, आणि चुरा कूलंटमध्ये गेला की घासकाम करणारी पेस्ट होऊन बेडवर बसते. मशीनखाली कागद, बाजूला व्हॅक्यूम. पितळही बहुतेक कोरडंच. अॅल्युमिनियमला कोरडं नको, ते बाइटच्या टोकाला चिकटून बसतं. त्याला रॉकेल लावायची जुनी पद्धत आहे आणि फिनिश खरंच सुंदर येतं, पण वाफ आणि आगीची भीती बघता मी आता हलकं कटिंग ऑइल ब्रशने लावतो. माइल्ड स्टीलवर साधं टर्निंग (जॉब फिरवून कापणं) ब्रशने तेल लावून होतं. मॅग्नेशियमला पाण्याचं कूलंट कधीही नको. जळणाऱ्या मॅग्नेशियमवर पाणी पडलं की हायड्रोजन निघतो.

टॅपिंग (भोकात आटे पाडणं), रीमिंग (भोक नेमक्या मापाचं करणं) आणि पार्टिंग (जॉब कापून वेगळा करणं) यांना दुधाळ कूलंट पुरत नाही. तिथे थंड करण्यापेक्षा वंगण महत्त्वाचं. टॅपसाठी गंधकयुक्त निखळ कटिंग ऑइलची लहान बाटली ठेवा, एका तुटलेल्या टॅपच्या किमतीत ती वर्षभर पुरते.

कार्बाइड इन्सर्टबद्दल (हत्याराला लावायचं कठीण, बदलता येणारं टोक) एक गोष्ट आवर्जून. तापलेल्या टोकावर मध्येच ब्रशने थंड कूलंट लावलं की त्याला बारीक तडे जातात. कार्बाइडला एक तर अखंड धार, नाही तर पूर्ण कोरडं. मधलं काही नाही. मिलिंगमध्ये दात आत-बाहेर होताना तो आधीच तापत-गार होत असतो, तिथे मी कोरडं आणि हवेचा झोत वापरतो.

मधला मार्ग म्हणजे ठिबक. वर टांगलेली बाटली आणि औषधाच्या दुकानातला नवा सलाइनचा सेट. त्याच्या चाकाने थेंब मोजून सोडता येतात. दुधाळ कूलंटला उत्तम. निखळ तेलासाठी वापरली तर नळी काही महिन्यांत कडक होऊन तडकते, तेल त्या प्लास्टिकमधला मऊपणा ओढून घेतं. ठिबकचं कूलंट पुन्हा वापरायचं नाही, म्हणून सडण्याचा प्रश्नच नाही. त्या दिवशीपुरतं अर्धा लिटर बनवायचं.

फवाऱ्याची, म्हणजे मिस्टची पद्धत बघायला आकर्षक आहे. घरातल्या बंद शेडसाठी मी ती सुचवणार नाही. ते धुकं फुप्फुसात जातं, आणि कूलंट बिघडलेलं असेल तर जंतूंसकट जातं. त्यातून फुप्फुसाचे ॲलर्जीसारखे गंभीर आजार होतात. लहान कॉम्प्रेसरही सतत चालू-बंद होत राहतो.

टाकी ठेवायचीच असेल तर

स्टेनलेस, जाड पार्टिंग, मोठ्या ड्रिलची खोल भोकं, ही कामं नियमित असतील तर धार हवी. टाकी लहान घ्या. माझी आता १२ लिटरची आहे. जितकं कमी कूलंट तितकं बदलणं सोपं. जस्ताचा पत्रा नको, क्षारधर्मी कूलंट जस्ताला खातं. प्लास्टिक किंवा रंगवलेलं लोखंड चालतं. मध्ये एक आडवी पट्टी टाकून दोन कप्पे करा: एका कप्प्यात परतीचं पाणी पडून चुरा बसेल, पट्टीवरून निवळलेलं दुसऱ्यात जाईल, तिथे पंप. पंपाचं तोंड तळापासून दोन इंच वर. परतीच्या वाटेवर स्वयंपाकघरातली बारीक स्टीलची गाळणी आणि खाली एक चुंबक.

एअर कूलरचा पाण्यात बुडणारा पंप स्वस्त म्हणून मीही लावला होता. अशा बऱ्याच पंपांतला रोटर चुंबकाचा असतो, लोखंडाचा बारीक चुरा त्याला चिकटून तो जाम होतो. तेलाने त्याचं सील फुगतं, आणि २३० व्होल्ट पाण्यात आहेत हे विसरू नका. लेथचा खरा कूलंट पंप, मोटर वर आणि पंखा खाली असलेला, ०.१ एचपीचा सिंगल फेज, जुन्या बाजारातही मिळतो. त्याला खाली सील नसतं, म्हणून चुरा गेला तरी तग धरतो. धार कमी करायला पुढे साधा व्हॉल्व्ह, सेंट्रिफ्यूगल पंपाला त्याने काही होत नाही. काहीही लावा, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, अर्थिंग तपासून.

धार जोरात नको. जाड, मंद आणि बरोबर बाइटच्या टोकावर. चकवर पडली तर भिंतीवर जाते, कामाला येत नाही.

आता खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, पूजेसाठी मशीन पुसायचं असतंच, तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करून धुतो. मध्ये एकदा मार्चमध्ये, उन्हाळ्याआधी. बाकी वेळ आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटर आणि पट्टी, मिळून पाच मिनिटं.

काढलेलं कूलंट गटारात किंवा परसात ओतू नका. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं आणि त्या जागेवरची अळूची पानं जळाली. वापरलेलं कटिंग ऑइल २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत येतं. मी डब्यांत साठवतो आणि ओळखीच्या कारखानदाराकडे देतो. त्याचं वापरलेलं तेल परवानाधारक गाडी घेऊन जाते, त्यात माझे दोन डबे जातात. तुमच्या जवळच्या एमआयडीसीत असं कोणी ना कोणी असतंच, विचारून ठेवा. डब्यावर काय आहे ते ठळक लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, कारण ते खरंच दुधासारखं दिसतं.